संदर्भ मोजू नका, उघडून पाहा : गोव्यातील महाविद्यालयांना एक खुले पत्र

प्रति,
विभागप्रमुख व प्राध्यापक,
इतिहास आणि मराठी विभाग, तसेच ग्रंथपाल,
गोव्यातील सर्व महाविद्यालये

विषय : ‘पोर्तुगाल’ या विकिपीडिया लेखाच्या संदर्भांची तपासणी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देण्याबाबत

स. न. वि. वि.

‘विकिपीडियावर एक लेख लिहा, किमान दहा संदर्भ द्या’ असा प्रकल्प पदवीच्या वर्गांना देण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. हेतू चांगला आहे. पण दहा हा आकडा दिला की विद्यार्थी आकडाच पुरा करतो. इंग्रजी लेख भाषांतराच्या साधनात घालायचा, परिच्छेद मराठीत उतरवायचे, तळटिपा आपोआप मागून येतात. तासाभरात तीस संदर्भांचा लेख उभा राहतो आणि त्या तिसांपैकी एकही मराठीतल्या माणसाने उघडलेला नसतो. खरी गोम तारखेत आहे. संकेतस्थळाच्या संदर्भासाठी जो साचा वापरतात त्यात ‘पाहिल्याचा दिनांक’ असा रकाना असतो. त्याचा अर्थ, अमुक दिवशी मी हे पान उघडले आणि त्यावर ही माहिती होती. भाषांतरात ती तारीखही जशीच्या तशी येते. मग केरळात किंवा कॅनडात बसून कुणीतरी २०१४ साली पाहिलेले पान मडगावच्या विद्यार्थ्याची साक्ष म्हणून नोंदले जाते. अशी साक्ष कोर्टात टिकणार नाही. विकिपीडियावर मात्र ती वर्षानुवर्षे बिनबोभाट राहते.

आमची मागणी एवढीच आहे की नवा लेख लिहायला लावण्याऐवजी असलेल्या लेखाचे संदर्भ तपासायला लावा. एका विद्यार्थ्याला एका सत्रात वीस संदर्भ पुरे. आणि सुरुवात ‘पोर्तुगाल’पासून करा, मराठी लेख आधी, मग त्याच्या मागचा इंग्रजी.

पोर्तुगालच का, हे गोव्यात सांगायला नको. या देशाच्या इतिहासाची बरीच कागदपत्रे पणजीत हाताच्या अंतरावर आहेत. पोर्तुगीज काळातल्या लिसेंव या शाळेत शिकलेली, पोर्तुगीज सहज वाचणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्या शेजारपाजारी आहेत. विद्यापीठात पोर्तुगीज शिकवले जाते. पुण्या-मुंबईच्या संपादकाला पोर्तुगीज संदर्भ दिसला की तो मान डोलावून पुढे जातो, त्याचा इलाजच नसतो. आपला इलाज आहे, आणि तरीही आपण इंग्रजीतून आलेले उष्टे जेवतो.

एक संदर्भ जवळून पाहू. लेखाच्या सुरुवातीला बाजूला असते त्या माहितीचौकटीतली लोकसंख्या घ्या. पोर्तुगालच्या २०२१ च्या जनगणनेचा अंतिम आकडा १,०३,४३,०६६ आहे. २०११ चा १,०५,६२,१७८ होता. ही जनगणना तिथली राष्ट्रीय सांख्यिकी संस्था करते. तिचे लघुनाम आयएनई, आणि संदर्भात बहुतेक वेळा तेवढेच लिहिलेले असते. स्पेनच्या सांख्यिकी संस्थेचे लघुनामही आयएनईच आहे. म्हणून पहिली गोष्ट, प्रकाशकाचे नाव पूर्ण लिहा आणि देश लिहा. आता पान उघडा. तक्त्यात ‘पोर्तुगाल’ अशी एक ओळ आहे आणि तिच्याखाली ‘कोंतिनेंत’ अशी दुसरी. दुसरीत फक्त युरोपच्या मुख्य भूमीवरचे लोक मोजले आहेत, अझोर्स आणि मदेरा ही बेटे त्यात नाहीत, त्यामुळे तो आकडा ९८ लाखांच्या घरात येतो. घाईत नजर चुकून खालच्या ओळीवर जाते आणि देशाचे पाच लाख लोक नाहीसे होतात. तिसरी गोष्ट स्तंभाची. ‘रेझिदेंत’ म्हणजे तिथे राहणारे आणि ‘प्रेझेंत’ म्हणजे गणनेच्या दिवशी तिथे हजर असलेले. आपल्याला रेझिदेंत हवे.

इतके करूनही आकडा जुळला नाही तर लगेच चूक म्हणू नका, आधी दिवस पाहा. २०२१ ची गणना १९ एप्रिल २०२१ या दिवसाची आहे. आयएनईचे वार्षिक अंदाज ३१ डिसेंबरचे असतात. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट तोच अंदाज १ जानेवारीचा म्हणून देते, त्यामुळे एकच आकडा दोन वेगळ्या वर्षांच्या नावावर फिरतो. संयुक्त राष्ट्रांचे आकडे वर्षाच्या मध्याचे. शिवाय जनगणनेचा पहिला प्राथमिक आकडा अंतिम आकड्यापेक्षा काही हजारांनी जास्त होता आणि तोच बातम्यांतून सगळीकडे पोचला. बातमीचा संदर्भ असेल तर प्राथमिक आकडा सापडणार, संस्थेचा असेल तर अंतिम. दोन्ही पाने खरी आहेत. लेखात फक्त ‘२०२१’ असे लिहिणे अपुरे आहे.

पोर्तुगीज पाने वाचताना अंकांचा घोळ तर ठरलेलाच. तिथली वृत्तपत्रे हजारांमागे टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. ‘१०.३४३’ याचा अर्थ दहा हजार तीनशे त्रेचाळीस. आपल्याकडचा विद्यार्थी ते दहा पूर्णांक चौतीस शतांश वाचतो आणि पुढे ‘दशलक्ष’ जोडून मोकळा होतो. योगायोगाने लोकसंख्येच्या बाबतीत ते जवळपास बरोबर येते, आणि म्हणूनच चूक अंगवळणी पडते. पुढे शेतजमिनीच्या हेक्टरांत तीच चूक हजारपट होते.

त्याहून मोठा खड्डा ‘बिलियांव’ या शब्दात आहे. पोर्तुगालमध्ये एकावर नऊ शून्ये म्हणजे ‘मिल मिल्योंइश’, शब्दशः हजार दशलक्ष. ‘बिलियांव’ म्हणजे एकावर बारा शून्ये, आपल्या हिशेबात एक लाख कोटी. ब्राझीलमध्ये मात्र त्याच शब्दाचा भाऊ, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि अर्थ एकावर नऊ शून्ये. तेव्हा अर्थव्यवस्थेची बातमी लिस्बनची आहे की साओ पाउलोची हे पाहिल्याशिवाय आकडा उतरवू नये. लिस्बनच्या पानावर ‘२५० मिल मिल्योंइश यूरो’ असेल तर मराठीत ते २५० अब्ज किंवा २५,००० कोटी यूरो. हा हिशेब विद्यार्थ्याने वहीत मांडून दाखवावा. मनातल्या मनात केला की दोन शून्ये हमखास गळतात.

सकल देशांतर्गत उत्पादनाच्या संदर्भात आणखी एक गंमत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा जागतिक आर्थिक आढावा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतो. संदर्भाच्या दुव्यात देशाचा सांकेतिक क्रमांक असतो, पोर्तुगाल १८२, भारत ५३४. एका देशाच्या लेखातून साचा उचलून दुसऱ्यात चिकटवला आणि शीर्षक बदलले, पण दुव्यातला क्रमांक बदलायचा राहिला, की पोर्तुगालच्या आकड्याखाली भारताचा तक्ता उघडतो. शीर्षक वाचून समाधान मानणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. बाजारभावाचा आकडा आणि क्रयशक्तीचा आकडा वेगळे, हेही तिथेच तपासावे. मानवी विकास निर्देशांकाचे तसेच. २०२३-२४ चा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला, पण त्यातले आकडे २०२२ चे आहेत. अहवालाचे वर्ष आकड्याला लावले की दोन वर्षांची उडी पडते.

आता मेलेल्या दुव्यांकडे येऊ. यात सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून थोडे सविस्तर.

दुवा ‘उघडतो’ याचे तीन प्रकार आहेत. एक, खरोखर तेच पान येते. दोन, पान गेलेले असते आणि संस्थेचे मुखपृष्ठ समोर येते. हा प्रकार फसवा, कारण यंत्राला दुवा जिवंत वाटतो. तीन, संकेतस्थळाचे नावच विकले गेलेले असते आणि ग्रंथालयाच्या संगणकावर जुगाराची जाहिरात झळकते. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या, देशोदेशींची माहिती देणाऱ्या आणि आता बंद झालेल्या फॅक्टबुकचे जुने दुवे दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण. २०२१ च्या सुरुवातीला त्या संकेतस्थळाची मांडणी बदलली आणि हजारो लेखांतले दुवे एका फटक्यात लटकले. शिवाय फॅक्टबुकात पोर्तुगालचे लघुनाम ‘पीओ’ होते, इतरत्र सगळीकडे ‘पीटी’ असते, त्यामुळे दुवा हाताने दुरुस्त करणारेही चुकले. जिवंत असतानाही फॅक्टबुकाचे पान हलते होते. आकडे बदलायचे, पत्ता तोच राहायचा. २०१२ साली त्यावरून घेतलेला आकडा पुढच्या वर्षी त्याच पानावर सापडत नसे.

मेलेल्या दुव्यासाठी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या पानांच्या प्रती जतन करणाऱ्या संकेतस्थळावर, पत्ता टाका. तिथे तारखांचे कॅलेंडर येते. सवयीने सगळे शेवटच्या तारखेवर टिचकी मारतात आणि ‘पान सापडत नाही’ याच पानाची जतन केलेली प्रत बघून परत येतात. संदर्भातली ‘पाहिल्याचा दिनांक’ ही तारीख घ्या आणि तिच्या सर्वात जवळची प्रत उघडा. मजकूर जुळला तर साच्यात जतन-प्रतीचा पत्ता, जतनाची तारीख आणि मूळ दुवा मृत असल्याची नोंद, हे तिन्ही रकाने भरा. मूळ पत्ता पुसू नका. उद्या कुणाला शीर्षकावरून तेच पान दुसरीकडे सापडले तर ओळख पटवायला तो लागतो. सांख्यिकी संस्थांचे फिरते तक्ते, म्हणजे वर्ष आणि जिल्हा निवडला की आकडे बदलतात तसले, वेबॅकमध्ये बहुधा रिकामे उमटतात. अशा ठिकाणी तक्त्याऐवजी संस्थेचे पीडीएफ निवेदन शोधावे. आयएनई त्यांना ‘देश्ताक’ म्हणते. त्याचा पृष्ठक्रमांक द्यावा. नवा संदर्भ लिहिण्यापूर्वी ‘हे पान आत्ता जतन करा’ हे बटण दाबायला अर्धा मिनिट लागतो. पुढच्या तपासनिसाचे दोन तास वाचतात.

मराठी विकिपीडियावर लेखाच्या तळाशी ‘चुका उधृत करा’ अशी लाल ओळ दिसली असेल. तिचे कारण साधे असते. एकाच संदर्भाला नाव देऊन तो पाच ठिकाणी वापरलेला असतो, पूर्ण तपशील पहिल्या ठिकाणीच असतो, आणि कुणीतरी तो परिच्छेद काढून टाकलेला असतो. उरलेले चार पोरके होतात. लेखाच्या इतिहासात मागे जाऊन तो परिच्छेद शोधा, तपशील उचला, परत बसवा. दहा मिनिटांचे काम आहे. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हेच द्यावे, लाल ओळ गेली की त्याला हुरूप येतो.

मात्र इतिहास चाळायची सवय याहून महत्त्वाच्या कामासाठी लागते. परिच्छेदात चार वाक्ये आणि शेवटी एक संदर्भ. तो चारही वाक्यांना लागू आहे का? मूळ संपादकाने दोनच वाक्ये लिहिलेली असतात, नंतर दुसऱ्याने मधोमध एक घुसवलेले असते, तिसऱ्याने एक. त्या संदर्भाला नंतरच्या दोन वाक्यांची गंधवार्ताही नसते, पण वाचणाऱ्याला चारही वाक्ये त्याचीच वाटतात. संदर्भ ज्या संपादनात आला ते संपादन शोधा, त्या दिवशी परिच्छेद कसा होता ते पाहा. आणि एका वाक्यामागे पाच-पाच संदर्भांची माळ दिसली की समजावे, इथे कधीतरी भांडण झाले होते.

पोर्तुगालची स्थापना कधी झाली, ही तशीच जागा. माहितीचौकटीत ११२८, ११३९, ११४३ आणि ११७९ ही चार वर्षे आळीपाळीने येतात. चारही बरोबर आहेत आणि चारही वेगळ्या घटना आहेत. अनुक्रमे साँव मामेदची लढाई, अफोंसु हेन्रिकश राजा म्हणवू लागला ते वर्ष, झामोराचा करार, आणि पोप अलेक्झांडर तिसऱ्याचा मान्यतेचा आज्ञालेख. हा शेवटचा दस्तऐवज २३ मे ११७९ चा असून लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तपासणाऱ्याने संदर्भ कोणत्या घटनेबद्दल बोलतो तेवढेच पाहावे. त्यातून जुन्या पोर्तुगीज दस्तांत आणखी एक मेख आहे. १४२२ पर्यंत तिथे सीझरचा शक चालत असे आणि तो इसवीच्या ३८ वर्षे पुढे. दस्तावर ११८१ असेल तर इसवी सन ११४३. शिवकालीन पत्रे वाचताना शकात ७८ मिळवायची ज्यांना सवय आहे त्यांना हे पटकन कळते, इथे फक्त वजा करायचे. इंग्रजी संकेतस्थळांवर क्वचित न बदललेला आकडा दिसतो तो याच वाटेने आलेला.

आता घरातले. पोर्तुगालच्या लेखात गोव्याबद्दल जी चार-सहा वाक्ये असतात तीच आपल्या विद्यार्थ्यांनी आधी घ्यावीत असे आम्हाला वाटते, कारण इथे आपली भावना आणि आपली कागदपत्रे दोन्ही हजर आहेत. त्यातली पहिली गोष्ट दुसरीच्या आड येते, हे सुरुवातीलाच सांगून टाकावे.

‘गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत, ४५१ वर्षे, पोर्तुगीजांच्या ताब्यात होता.’ हे वाक्य इतके पाठ आहे की त्याला संदर्भ लागतो हेच कुणाच्या लक्षात येत नाही. संदर्भ दिलाच तर एखाद्या सर्वसाधारण इतिहासाचा असतो आणि तो जुळतोही. पण अफोंसु द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी घेतले ते तिसवाडी. त्याच वर्षी आधी एकदा घेऊन ते गमावलेही होते. बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये गेले. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे या नव्या काबिजादी, म्हणजे नंतर जिंकलेले प्रदेश, १७६३ ते १७८८ या काळातल्या. फोंड्यावर पोर्तुगीज अंमल १९८ वर्षे होता आणि पेडण्यावर १७३. आजच्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याला ४५१ हा आकडा लावणारा संदर्भ ‘अर्धा जुळतो’ या खान्यात जाईल. दुरुस्ती एका शब्दाची आहे, ‘गोवा’च्या जागी ‘तिसवाडी’, आणि पुढे एक वाक्य नव्या काबिजादींचे, आपल्या संदर्भासह.

दुसरे वाक्य, ‘गोवा वसाहत नव्हती, पोर्तुगालचा सागरापारचा प्रांत होता.’ याला १९५१ च्या पोर्तुगीज घटनादुरुस्तीचा संदर्भ असतो आणि तो खरा आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने त्या वर्षी ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘प्रांत’ हा शब्द आणला. पण कायदा सांगतो ते सरकारचे म्हणणे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १५ डिसेंबर १९६० चा ठराव क्रमांक १५४२ पोर्तुगालच्या अस्वशासित प्रदेशांची यादी देतो आणि तीत गोवा नाव घेऊन आहे. लेखात दोन्ही हवेत, आणि ‘पोर्तुगालच्या कायद्यानुसार’ हे शब्द वाक्यातच हवेत, तळटिपेत ढकलून चालणार नाही.

तिसरे उदाहरण वर्गात शिकवायला फार चांगले. भारताच्या हद्दीतून दादरा-नगर हवेलीला जाण्याच्या पोर्तुगालच्या वाटेबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निकाल दिला. पोर्तुगीज बाजूचा लेखक तो ‘न्यायालयाने पोर्तुगालचा हक्क मान्य केला’ या वाक्यामागे लावतो. भारतीय बाजूचा लेखक ‘न्यायालयाने भारताला दोषी धरले नाही’ या वाक्यामागे. निकाल उघडला की दोन्ही सापडतात. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क १९५४ मध्ये होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याविरुद्ध वर्तन केले नाही. तीन मुद्दे, त्यांतला एकच उचलला की निकाल कुणाच्याही खिशात जातो. मूळ दस्तऐवज दिला म्हणजे प्रश्न मिटला असे समजणाऱ्यांसाठी हा नमुना आहे. असा निकाल जसाच्या तसा सांगायला मूळ कागद चालतो. त्याचा अर्थ लावायचा तर इतिहासकाराचे किंवा कायद्याच्या अभ्यासकाचे पुस्तक लागते, नाहीतर ते स्वतःचे संशोधन ठरते आणि विकिपीडियावर त्याला जागा नाही.

चौथे. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व कधी मान्य केले? काही ठिकाणी १९७४ लिहिलेले दिसते, काही ठिकाणी १९७५, आणि संपादक एकमेकांचे आकडे खोडत बसतात. करारावर सह्या ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झाल्या. भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण, पोर्तुगालकडून त्यांचे परराष्ट्रमंत्री मारियु सोआरिश. करार अमलात आला ३ जून १९७५ रोजी. कराराचा मसुदा परराष्ट्र मंत्रालयाच्या करारसंग्रहात आणि संयुक्त राष्ट्रांच्या करारमालेत आहे, दोन्ही तारखा त्यावरून मिळतात. वाक्यात ‘सही झाली’ आणि ‘अमलात आला’ ही क्रियापदे घातली की वाद संपतो.

राहिला ‘मुक्ती’चा शब्द. डिसेंबर १९६१ च्या त्या छत्तीस-चाळीस तासांना पोर्तुगीज पुस्तके ‘आक्रमण’ म्हणतात, बरीच इंग्रजी पुस्तके ‘जोडून घेणे’ म्हणतात, आपण मुक्ती म्हणतो. आम्हीही म्हणतो. तपासणीत मात्र एकच नियम पाळावा. शब्द ज्या स्रोतात नाही तो शब्द त्या स्रोताच्या तोंडी घालायचा नाही. पोर्तुगीज पुस्तकाचा संदर्भ देऊन ‘गोवा मुक्त झाला’ असे लिहिणे जितके चूक, तितकेच भारतीय सरकारी पुस्तिकेचा संदर्भ देऊन ‘आक्रमण’ लिहिणे. लष्करी कारवाई आणि १९ डिसेंबरची शरणागती या गोष्टी कुणीच नाकारत नाही, त्या सरळ लिहाव्यात.

अभिलेखागाराबद्दल थोडेसे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात मान्सूनच्या ग्रंथांचे खंड आहेत. जहाजे मोसमी वाऱ्यावर ये-जा करायची, म्हणून लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराला ते नाव पडले. या मालिकेतले बरेच खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले गेले, त्यामुळे एखादा संदर्भ पणजीत सापडला नाही तर तो बनावट ठरवण्याआधी तोर्रे दु तोंबुची सूची पाहावी. पानांचे क्रमांकही वेगळे असतात. तिथे पृष्ठ मोजत नाहीत, दोन्ही बाजू मिळून एक पान मोजतात, आणि ‘२३ व्ही’ म्हणजे तेविसाव्या पानाची मागची बाजू. भाषांतरात त्याचे ‘पृष्ठ २३’ होते आणि शोधणारा पुढची बाजू वाचून ‘मजकूर नाही’ असा शेरा मारतो. सूचीत शोधताना जुने आणि नवे दोन्ही शुद्धलेखन वापरावे. १९११ च्या सुधारणेपूर्वी ‘आर्किव्हु’ हा शब्द ‘सीएच’ने लिहीत, नंतर ‘क्यूयू’ने. नव्या स्पेलिंगने शोधले की एकोणिसाव्या शतकातली छापील पुस्तके दिसतच नाहीत. पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ चे, तिथल्या पोर्तुगीज संग्रहातही हीच काळजी घ्यावी लागते.

गूगल बुक्सवरच्या तीन ओळींच्या तुकड्यावर विसंबून ‘जुळतो’ असे लिहू नये. ‘असे मानले जात असे, पण’ हे शब्द नेमके चौथ्या ओळीत असतात. आणि पुस्तक कोणते तेही पाहा. विकिपीडियाचेच लेख छापून, चकचकीत मुखपृष्ठ लावून विकलेली पुस्तके बाजारात आहेत, ती संदर्भ म्हणून परत विकिपीडियात येतात. वृत्तपत्रांचेही असेच होते. लेखात बिनसंदर्भाचे वाक्य आधी येते, बातमीदार ते उचलतो, मग ती बातमी त्याच वाक्याचा संदर्भ होते. ओळखायची खूण तारखेत आहे. वाक्य लेखात आले त्या दिवसाच्या आधी ते कुठेही छापलेले सापडत नसेल तर हे वर्तुळ आहे.

आता प्रकल्पाचे स्वरूप. विद्यार्थ्याने पाच स्तंभांचा तक्ता करावा : लेखातले वाक्य, संदर्भ, स्रोतातला नेमका मजकूर मूळ भाषेत, निकाल, आणि सुचवलेली दुरुस्ती. निकाल चारच : जुळतो, अर्धा जुळतो, जुळत नाही, उघडत नाही. तिसरा स्तंभ रिकामा असेल तर गुण नाहीत. हा स्तंभ भरायचा तर पान उघडावेच लागते, आणि पोर्तुगीज येत नसेल तर येणाऱ्याकडे जावे लागते. संकेतस्थळाच्या संदर्भाला साधारण पंधरा-वीस मिनिटे धरा, पुस्तकाला ग्रंथालयातला एक तास. म्हणून वीसच संदर्भ, त्यांत किमान चार पुस्तकांचे. माहितीचौकटीतले पाच सगळ्यांनी सारखेच करावेत, म्हणजे वर्गात निकाल ताडून पाहता येतील. एकाच संदर्भावर दोघांचे निकाल वेगळे आले तर तो तास वाया गेला असे समजू नये, तोच खरा तास.

तक्ता आधी लेखाच्या चर्चा पानावर टाकावा, आठवडाभर थांबावे, मगच लेखात हात घालावा. संदर्भ जुळला नाही म्हणून वाक्य लगेच उडवू नये. चांगला स्रोत शोधावा, नाही मिळाला तर ‘संदर्भ हवा’ ही खूण लावावी. हयात व्यक्तीबद्दलचे बिनआधाराचे वाईट वाक्य तेवढे ताबडतोब काढावे. ‘पाहिल्याचा दिनांक’ मात्र प्रत्येकाने स्वतःचाच घालावा, जुना ठेवू नये.

गुण चुका सापडण्यावर ठेवू नका. तसे केले की मुले चुका शोधून काढतात, नसलेल्यासुद्धा. वीसच्या वीस संदर्भ जुळले आणि तिसरा स्तंभ नीट भरलेला असला तर पूर्ण गुण द्यावेत.

पुढच्या सत्राच्या प्रकल्पयाद्या ठरण्याआधी हे पत्र आपल्या विभागाच्या बैठकीत वाचले जावे ही विनंती. ज्या महाविद्यालयाला हवे असेल तिथे आम्ही पहिले दोन तास येऊ आणि पाच संदर्भ मुलांसमोर उघडून दाखवू, न उघडणारे धरून. प्रोजेक्टर आणि चालणारे इंटरनेट लागेल. पोर्तुगीज वाचणारे कुणी आजी-आजोबा मुलांपैकी कुणाच्या घरी असतील तर त्यांनाही त्या दिवशी आवर्जून घेऊन यावे.

आपले,
मराठी विकिपीडियावर लिहिणारे गोव्यातील काही संपादक
पणजी, गोवा